विश्वस्तांचे प्रश्न : कुणाचा पैसा, कशासाठी, कोणत्या अटीवर?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे शेवटी एकाच ठिकाणी येऊन अडतात. कायदा काय म्हणतो ते सीए सांगतो, धर्मादाय कार्यालयात विचारता येते. पण देणगी घ्यायची की नाही, पैसा साठवायचा की खर्चायचा, कार्यकर्त्याला किती द्यायचे, यावर मंडळातच एक मत नसते, आणि आपापले मत कशावरून बनले हे कुणी कुणाला सांगितलेलेही नसते. अशी सात पत्रे या अंकात घेतली आहेत. संस्थांची ओळख गाळली आहे.

प्रश्न : आमचे तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालय आहे. कार्यकारी मंडळात अकरा जण. अभ्यासिकेची खोली बांधायला गावातल्या एका वाळू ठेकेदाराने आठ लाख रुपये देऊ केले आहेत, त्यातले निम्मे रोख. अवैध उपशाबद्दल महसूल खात्याने त्याला दंड केला होता, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन बैठका झाल्या, दोन्ही भांडणात संपल्या. पाच जण म्हणतात, पोरांना बसायला जागा मिळतेय, घ्या. चौघे राजीनाम्याची भाषा करतात. मतदान घ्यावे का? — चिटणीस, वाचनालय

उत्तर : मतदान घेऊ नका. सहा विरुद्ध पाच अशा निकालाने खोली कदाचित उभी राहील, पण हरलेले पाच जण पुढच्या वर्षी मंडळात दिसणार नाहीत. वाचनालयासारख्या संस्थेत काम करणारे हात तेवढेच असतात. आधी ठेकेदाराला लेखी कळवा की प्रस्ताव मिळाला, आभारी आहोत, मंडळ देणग्यांविषयीचे धोरण ठरवत आहे, दोन महिन्यांत उत्तर देऊ. धनादेश हातात आला असेल तर भरू नका. पैसे खात्यात गेले आणि पावती फाडली की पुढची चर्चा केवळ नावाला उरते. रोखीचा भाग मात्र चर्चेचा विषयच नाही. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात मिळणारी, सवलतही मिळत नाही.

आता मूळ भांडण. घ्या म्हणणाऱ्या पाच जणांच्या दृष्टीने देणगी म्हणजे मुलांना मिळणारी जागा. नको म्हणणाऱ्या चौघांच्या दृष्टीने तीच देणगी म्हणजे वाचनालयाने त्या माणसाला दिलेले प्रशस्तिपत्र. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत, पण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देताहेत. म्हणून ठेकेदाराचे नाव न घेता बोलता येईल अशी तीन तासांची स्वतंत्र बैठक बोलवा. मासिक सभेला जोडून नको. त्या दिवशी एकही ठराव होणार नाही, हे सूचनापत्रातच लिहा. बैठक चालवायला बाहेरचा माणूस घ्या : शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेचा चिटणीस किंवा निवृत्त मुख्याध्यापिका चालेल. तो देणगीदार नको आणि कुणा सदस्याचा नातेवाईकही नको. अध्यक्षांनी प्रत्येक फेरीत शेवटी बोलायचे. ही अट आधीच मान्य करून घ्या, कारण अध्यक्ष पहिले बोलले की निम्मे मंडळ मान डोलावते आणि उरलेले गप्प बसते.

पहिली चाळीस मिनिटे आठवणींना द्या. प्रत्येकाला तीन मिनिटे, विषय एकच : लहानपणी घरात पैसे देण्याबद्दल किंवा घेण्याबद्दल काय ऐकले, काय पाहिले? मध्ये कुणी बोलायचे नाही, प्रश्न विचारायचा नाही. कुणी वार लावून, रोज वेगळ्या घरी जेवून शिकलेला असतो, कुणाच्या घरी उसने मागणे ही नामुष्की मानली जात असते, कुणाच्या वडिलांनी गावजेवणात जमीन घालवलेली असते. दुसऱ्याच्या पैशावर शिकलेला माणूस देणगीदाराच्या चारित्र्यापेक्षा देणगीच्या उपयोगाकडे आधी पाहतो, हे त्या चाळीस मिनिटांत आपोआप कळते. "वेळ कमी आहे, थेट मुद्द्यावर येऊ" म्हणून पहिला हाच भाग कापला जातो. तो कापू नका.

पुढची पन्नास मिनिटे चिठ्ठ्यांची. सहा प्रसंग वाचून दाखवायचे आणि प्रत्येकाने १ ते ५ यांतला आकडा लिहून घडी घालायची. १ म्हणजे अजिबात घेऊ नये, ५ म्हणजे खुशाल घ्यावे. आकडा बोलण्याआधी लिहायचा. गावात सगळे एकमेकांच्या सोयरिकीतले असतात, उघड हात वर करायला लावले तर खरे मत बाहेर येत नाही. प्रसंग असे ठेवता येतील : देशी दारूच्या परवानाधारकाने पुस्तकांसाठी दिलेले पन्नास हजार, निवडणुकीच्या महिनाभर आधी इच्छुक उमेदवाराचे दोन लाख, कार्यक्रम आणि फोटोसह, वाचनालयाला कपाटे पुरवणाऱ्या दुकानदाराची देणगी, मुलाला मंडळावर घ्या या अटीवर मिळणारी जागा, वाचनालयाच्या नावाच्या वर आपले बोधचिन्ह मागणारी कंपनी. सहावा प्रसंग वेगळा ठेवा. एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासद बाई आपली सगळी शिल्लक, तीन लाख रुपये, वाचनालयाला देऊ पाहतात. इथे देणारी व्यक्ती चांगली आणि पैसाही स्वच्छ आहे, तरी "घेऊ नये" म्हणणारे निघतात. देणाऱ्याचे पुढे काय होईल हाही आपलाच प्रश्न आहे, हे मंडळाला अनेकदा तेव्हा पहिल्यांदा जाणवते. शिक्षणसंस्था असेल तर प्रवेशाच्या वेळी घेतलेली "ऐच्छिक" देणगी हाही प्रसंग घ्या. महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने प्रवेशासाठी असे पैसे घेणे गुन्हा आहे. तरीही किती चिठ्ठ्यांवर ३ लिहिलेले निघते ते पाहा. आकडे फळ्यावर मांडल्यावर आधी १ आणि ५ लिहिणाऱ्यांना बोलू द्या, मग मधल्यांना.

त्यानंतर वीस मिनिटे संस्थेच्या स्वतःच्या हिशेबाला. गेल्या तीन वर्षांतल्या सर्वांत मोठ्या पाच देणग्या आणि सर्वांत मोठे पाच खर्च एका पानावर काढून द्यायचे, शेरा न मारता. आपण आजवर कुणाला नाही म्हटले आहे का, हे लोकांनी स्वतः शोधावे. पंधरा मिनिटे चहा. शेवटची पंचेचाळीस मिनिटे फळ्यावर तीन रकाने : घेऊ, घेणार नाही, आधी मंडळासमोर आणू. उरलेल्या दहा मिनिटांत मसुदा कोण लिहिणार ते ठरवा. दोघे जण पुरेत, त्यातला एक घ्या म्हणणारा आणि एक नको म्हणणारा असावा.

मसुदा दीड पानापेक्षा मोठा नको. आणि त्यात "पारदर्शकता, सेवा, समर्पण" हे शब्द आले तर ते खोडून पुन्हा लिहा. ज्या वाक्याला कुणीच विरोध करणार नाही आणि जे पाळायला एक रुपयाही सोडावा लागणार नाही, ते वाक्य धोरणात असून काही ठरत नाही. "आमच्याशी खरेदीचा व्यवहार चालू असलेल्या दुकानदाराकडून त्या वर्षात देणगी घेणार नाही" हे वाक्य चालेल, कारण ते पाळताना काहीतरी सुटते. पुढच्या सभेत मसुदा ठरावाने मंजूर करा, इतिवृत्तात पूर्ण उतरवा, आणि मगच ठेकेदाराचा प्रस्ताव त्याला लावून पाहा. तेव्हा चार प्रश्न पुरतात. ही कमाई कायदेशीर आहे का? देणाऱ्याच्या धंद्याने आपल्याच वाचकांचे नुकसान होते का? त्याला बदल्यात काय हवे आहे? आणि ही देणगी रकमेसह, नावासह वार्षिक सभेत वाचून दाखवायची आपली तयारी आहे का? आमचे मत विचाराल तर दंड जुना असेल, भरलेला असेल आणि बेकायदा उपसा खरोखर थांबला असेल तर धनादेशाने घेता येईल. उपसा आजही चालू असेल आणि गावाच्या विहिरी त्यापायी आटत असतील तर घेऊ नये, मग अभ्यासिका दोन वर्षे उशिरा झाली तरी चालेल.

प्रश्न : आमच्या न्यासात नऊ विश्वस्त आहेत. एक डॉक्टर विश्वस्त म्हणतात, प्रत्येक विश्वस्ताने वर्षाला किमान २५ हजार द्यावेत, नाहीतर बाहेर कोणत्या तोंडाने मागायचे? आमच्यात एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, एक कोरडवाहू शेतकरी आणि वस्तीतली एक ताई आहेत. — कार्याध्यक्ष, ग्रामीण आरोग्य संस्था

उत्तर : डॉक्टरांचे निम्मे म्हणणे पटते. विश्वस्ताने द्यावे, सगळ्यांनी द्यावे. पण सारखे द्यावे हे मान्य नाही. किमान रक्कम ठरवली की शिक्षिका, शेतकरी आणि ताई ओशाळतात आणि काही काळाने निमित्त काढून बाहेर पडतात. मग ज्यांच्यासाठी दवाखाना आहे त्यांच्या वतीने बोलणारे मंडळात कुणी उरत नाही.

आपल्याकडे लहान रकमेला कमी लेखण्याची परंपरा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढले जाई, तो मुष्टिफंड. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावचा काच कारखाना निघाला. अशा निधीत माणूस किती देतो यापेक्षा किती माणसे देतात याला वजन असे.

तेव्हा असे करा. मार्चमध्ये प्रत्येक विश्वस्ताला एक पाकीट द्या. आतल्या कागदावर तीन ओळी : या वर्षी मी इतके रुपये देईन, महिन्याला इतके तास देईन, इतक्या जणांची संस्थेशी ओळख करून देईन. पहिली ओळ रिकामी ठेवायची नाही, पण एक्कावन्न रुपयेही चालतील. पाकिटे फक्त खजिनदार उघडतील. सभेत दोनच आकडे सांगायचे : नऊपैकी किती जणांनी दिले आणि एकूण किती जमले. बाहेरच्या देणगीदारापुढे "नऊपैकी नऊ" हा आकडा पुरेसा बोलतो. पावती सगळ्यांना सारखी. तासांचे रुपयांत रूपांतर करायला जाऊ नका, त्यातून डॉक्टरांचा तास आणि ताईंचा तास यांचे भाव ठरू लागतात.

आणि उलट बाजूही पाहा. बैठकीला यायला ताईंचा रोज बुडतो, एसटीचे तिकीट लागते. ती आजच तुमच्यातली मोठी देणगीदार असू शकते. प्रत्यक्ष झालेला प्रवासखर्च सर्वांना द्या, अगदी गाडीतून येणाऱ्यांनाही. ज्यांना नको असेल त्यांनी तो घेऊन देणगीची पावती करावी. फक्त गरजूंनी मागायचा अशी पद्धत ठेवली तर कुणीच मागत नाही.

एक चूक फार ठिकाणी होते. महिनाअखेर पगाराला पैसे कमी पडले की एखादा विश्वस्त लाखभर उसने देतो, कागद काही होत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याप्रमाणे न्यासासाठी कर्ज काढायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्ताने बिनव्याजी दिलेले उसने पैसे यातून आपोआप सुटतात असे समजू नका. शिवाय उसने देणाऱ्यापुढे मंडळ मोकळेपणाने बोलत नाही, हे नुकसान व्याजापेक्षा मोठे आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या दानपेटीत बरेच लोक गुप्तदान टाकतात. आमचे सीए त्यावर कर भरायला सांगतात. गुप्तदान तर श्रेष्ठ मानतात ना? — विश्वस्त, वृद्धाश्रम

उत्तर : सीए बरोबर सांगताहेत. धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतली जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत चालतात, त्यावरच्या रकमेवर ३० टक्के कर आहे. निव्वळ धार्मिक न्यासांना हा नियम नाही. समजा वर्षाच्या देणग्या १२ लाख आणि त्यातले पेटीतले अडीच लाख. १२ लाखांचे ५ टक्के ६० हजार होतात, म्हणून मर्यादा १ लाख. उरलेल्या दीड लाखावर ४५ हजार कर. एवढ्यात दोन-तीन आजींचे महिन्याचे औषधपाणी निघते.

गुप्तदानामागची भावना मोडायची गरज नाही. नाव वहीत लिहायचे, फलकावर आणि अहवालात नाही. पेटीशेजारी पाकिटे ठेवा, त्यावर नाव-पत्त्याची जागा आणि "माझे नाव जाहीर करू नये" अशी चौकट. पेटी ठरलेल्या तारखेला दोन विश्वस्त आणि मंडळाबाहेरचा एक जण अशा तिघांसमोर उघडा, मोजणीच्या कागदावर तिघांच्या सह्या घ्या, रक्कम त्याच किंवा दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. पेटीतून परस्पर भाजी आणायची सवय असेल तर ती आजच बंद करा.

प्रश्न : वसतिगृहाचा वार्षिक खर्च २४ लाख, मुले ४०. गेल्या वर्षी उत्पन्न ३० लाख झाले. ज्येष्ठ विश्वस्त म्हणतात सगळी शिल्लक मुदत ठेवीत टाका. तरुण म्हणतात दहा मुले वाढवू. एक जण म्हणतात त्यांच्या पतसंस्थेत ठेवा, दीड टक्का जास्त मिळेल. — खजिनदार

उत्तर : पतसंस्थेचा विषय आधी संपवू. पतसंस्था म्हणजे बँक नाही. न्यासाचा पैसा कुठे गुंतवायचा हे धर्मादाय कायदा आणि आयकर कायदा दोन्ही ठरवून देतात, आणि पतसंस्था त्यात बसत नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आणि सुचवणारे स्वतः तिथे संचालक असतील तर त्यांनी या विषयावर बोलूच नये, बाहेर जाऊन बसावे, तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

आता सहा लाखांचे गणित. उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षी उद्देशावर खर्च व्हावी लागते. ३० लाखांचे ८५ टक्के साडेपंचवीस लाख. तुम्ही २४ खर्च केले. म्हणजे साडेचार लाख कारण न देता ठेवता येतात, पण उरलेल्या दीड लाखासाठी कशासाठी साठवतो आणि किती मुदतीत खर्चू हे आयकर खात्याला वेळेत कळवावे लागते. ही मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे. देणगीदाराने "कायम निधीसाठी" असे लेखी देऊन दिलेली रक्कम वेगळी मोजतात. नव्या आयकर कायद्यात (लागू १ एप्रिल २०२६) कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून जुन्या ठरावातली कलमे तशीच उतरवू नका.

पण तुमच्याकडचा वाद ८५ टक्क्यांचा नाही. ज्येष्ठांना विचारा, नेमक्या कोणत्या वर्षाची भीती वाटते? बहुतेक २०२० निघेल. टाळेबंदीत देणग्या आटल्या आणि तरी स्वयंपाकीण, चौकीदार यांचे पगार द्यावे लागले. तरुणांना विचारा, गेल्या जूनमध्ये किती मुलांना परत पाठवले? दोन्ही उत्तरे आकड्यांत लिहून घ्या. भीतीलाही आकडा लागतो आणि तळमळीलाही. मग दिसेल की एका मुलाचा वर्षाचा खर्च ६० हजार, दहा मुलांचे सहा लाख. हे सहा लाख दरवर्षी लागणार, आणि मूल पाचवीत आले तर दहावीपर्यंत सहा वर्षे राहणार. एका वर्षाची शिल्लक हा त्याचा आधार होऊ शकत नाही. आमचा सल्ला : खालची आणि वरची रेघ ठरवा. गंगाजळी चार महिन्यांच्या खर्चाखाली, म्हणजे तुमच्या बाबतीत आठ लाखांखाली असेल तर एकही नवे काम नाही. नऊ महिन्यांच्या वर, म्हणजे १८ लाखांवर गेली तर जास्तीची रक्कम त्या वर्षीच कामाला लावायची. या दोन रेघांच्या मध्ये असताना दोन-तीन मुले वाढवून बघायला हरकत नाही. वरची रेघ आग्रहाने लिहा. ती नसली की ठेवी वाढत राहतात आणि पुरेसे झाले असे म्हणायची वेळच येत नाही.

प्रश्न : एक कुटुंब शाळेच्या नव्या इमारतीसाठी २० लाख देत आहे. अट अशी की इमारतीला आजोबांचे नाव कायमचे द्यावे. एकूण खर्च ७० लाख. — सचिव, शिक्षण संस्था

उत्तर : नाव मागणे यात कमीपणा नाही. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लागले. त्या पैशाने विद्यापीठाला पाय मिळाले, नाव आजही आहे. तुमच्याकडे अडचण दोन गोष्टींची : प्रमाण आणि "कायमचे". २० लाखांत ७० लाखांच्या इमारतीचे नाव गेले तर उरलेले ५० लाख देणाऱ्यांकडे काय घेऊन जाणार? संपूर्ण इमारतीच्या नावाला निम्म्याहून अधिक खर्च, आणि त्याशिवाय दुरुस्ती-देखभालीसाठी रकमेच्या १० टक्के, असे सूत्र ठेवा. २० लाखांत प्रयोगशाळा किंवा सभागृहाला नाव देता येईल. मुदत २५ वर्षे किंवा इमारत पाडेपर्यंत, यांतले जे आधी होईल ते. नावाच्या व्यक्तीबद्दल वा कुटुंबाबद्दल पुढे गंभीर गुन्हा सिद्ध झाला तर नाव काढण्याचा हक्क मंडळाकडे. हे सगळे पैसे येण्याआधी दोन पानांच्या करारात घ्या. उद्घाटनाच्या दिवशी बोलायचा विषय नाही हा. आणि प्रवेश, नेमणूक किंवा मंडळावरची जागा यांतले काहीही देणगीला जोडले गेले तर एक रुपयाही घेऊ नका.

प्रश्न : न्यू जर्सीत राहणारे आमच्या गावचे दोघे भाऊ संस्थेला पैसे पाठवू म्हणतात. मंडळ म्हणते परदेशी पैसा नकोच, कटकट. — विश्वस्त, कोकणातील संस्था

उत्तर : पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या कमाईतून, नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली देणगी विदेशी अंशदानात मोडत नाही. पासपोर्टची प्रत आणि पत्र फाइलला ठेवा. अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही ती विदेशी देणगी ठरते. मग विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. गावातल्या चुलत भावाच्या खात्यात पाठवून तिथून संस्थेला, ही वाट कितीही आपुलकीने सुचवली तरी धरू नका. मंडळाच्या "कटकट" या शब्दामागे कधी कागदांचा कंटाळा असतो, कधी बाहेरच्याने येऊन हुकूम करण्याची धास्ती. धास्ती असेल तर ती भावांशी बोलून दूर होईल, कागद टाळून नाही.

प्रश्न : आमची संस्था मेळघाटात आरोग्याचे काम करते. गावात राहणाऱ्या कार्यकर्त्यांना महिना नऊ हजार मिळतात. मंडळ पुण्यात असते. ते म्हणतात, हे सेवेचे काम आहे, पगारावर खर्च दिसला तर देणगीदार काय म्हणतील? वर्षभरात तीन जण सोडून गेले. मी मंडळावर नवीन आहे, बोलावे कसे? — विश्वस्त

उत्तर : हा वाद आपल्याकडे जुना आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सभासदांनी किती वेतन घ्यावे, बाहेरची कमाई करावी की नाही, यावरून तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. पण ती माणसे स्वतःच्या पगाराबद्दल भांडत होती. तुमचे मंडळ दुसऱ्याच्या पगाराबद्दल ठरवते आहे. त्याग करायचा तर तो ज्याचा त्याने ठरवायचा असतो. पुण्यात बसून धारणी-चिखलदऱ्यातल्या माणसाचा त्याग कुणाला ठरवता येणार नाही, आणि हे तुम्ही सभेत शांतपणे पण स्पष्ट म्हणायला हवे.

मात्र भाषणाने मंडळ बदलत नाही. पुढच्या बैठकीत एक कोरा तक्ता वाटा : तालुक्याच्या ठिकाणी चार माणसांच्या घराचा महिन्याचा खर्च. खोलीभाडे, किराणा, तेल, गॅस, मुलांची शाळा, औषध, मोबाइल, गावोगावी फिरायला गाडीचे पेट्रोल. आकडे विश्वस्तांनी स्वतः भरायचे, तिथले भाव फोन करून विचारायचे. कार्यकर्त्यांना भरायला लावू नका, ते संकोचाने कमी लिहितात. बेरीज नऊ हजारांच्या किती पुढे जाते, ते प्रत्येकाच्या हातातल्या कागदावर दिसेल. त्याच्याखाली दुसरी बेरीज मांडा : एक जण सोडून गेल्यावर नवा शोधायला लागलेला काळ, त्याचे प्रशिक्षण, तो तिथली कोरकू भाषा बोलायला शिकेपर्यंत गेलेले महिने, त्या काळात न झालेल्या घरभेटी.

कायद्याचा भाग तपासून घ्या. किमान वेतनाचा दर त्या कामाला लागू आहे का? दहा किंवा अधिक नोकर असतील तर उपदान (ग्रॅच्युइटी), वीस किंवा अधिक असतील तर भविष्य निर्वाह निधी. पगाराला "मानधन" म्हटल्याने यातले काही टळत नाही. देणगीदारांच्या भीतीचे एक कारण गैरसमजात आहे. कंपन्यांच्या सामाजिक निधीतली (सीएसआर) प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे. गावात जाऊन गरोदर बाईचे वजन घेणारा कार्यकर्ता हा प्रकल्पाचा थेट खर्च आहे, तो उत्पन्न-खर्चाच्या पत्रकात कार्यालयीन खर्चात दाखवू नका. बऱ्याच संस्था सवयीने दाखवतात आणि मग स्वतःच घाबरतात. मोठ्या तीन-चार देणगीदारांना विश्वस्तांनी फोन करावा आणि हा तक्ता पाठवून सरळ विचारावे. मंडळ ज्या उत्तराला घाबरते ते उत्तर प्रत्यक्षात कुणी दिले आहे का, हे कळू द्या.

वाढ एका दमात झेपणार नसेल तर दोन अंदाजपत्रकांत विभागा, पण दोन्ही वर्षांचे आकडे एकाच ठरावात लिहा. "पुढच्या वर्षी पाहू" असे वाक्य ठरावात येऊ देऊ नका. पैसे कुठून हा प्रश्न येईलच. पुण्यातला वार्षिक मेळावा, रंगीत अहवालाची छपाई, नव्या गाडीचा बेत, यांतले काय सोडायचे याची यादी तक्त्यासोबतच न्या. आणि हा विषय फेब्रुवारीच्या बैठकीत घ्या. मार्चअखेर अंदाजपत्रक मंजूर होऊन गेले की पुढचे बारा महिने कार्यकर्त्यांना नऊ हजारांतच काढावे लागतील.